वाचक विचारतात : नीरोचा पुरलेला महाल, रफाएलची नक्षी आणि आपलं जुनं गोवं

गेल्या अंकात रोममधल्या नीरोच्या जमिनीखालच्या महालावर, म्हणजे दोमुस आउरियावर लेख आला होता. त्या महालातली चित्रं बघून रफाएल आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या चित्रकारांनी स्वतःच्या कामात नवीन नक्षी आणली, एवढं त्यात थोडक्यात होतं. त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न जागेसाठी जरा छोटे केलेत, बाकी भाषा तुमचीच.

फोंड्याहून एक वाचक : मी आणि मिसेस दोघंही रिटायर्ड शिक्षक. ऑक्टोबरात ग्रुप टूरबरोबर इटलीला चाललोय. रोममधे कलोसियम आणि व्हॅटिकन टूरवाले दाखवणार, शिवाय एक दिवस मोकळा आहे. तुमचा लेख वाचून मला नीरोचा महाल बघायचाय, मिसेस म्हणते की रिकाम्या अंधाऱ्या खोल्या बघायला पैसे कशाला घालवायचे. काय करावं?

सर, बाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, खोल्या रिकाम्याच आहेत. भिंतींना खालून वरपर्यंत संगमरवर होता तो रोमन लोकांनीच काढून नेला, पुतळे नेले, आणि मग सम्राट त्राजानने त्यावर सार्वजनिक स्नानगृहं बांधायला घेतली तेव्हा सगळ्या खोल्या मातीने भरून टाकल्या. ती स्नानगृहं इसवी सन 109 मधे सुरू झाली. म्हणजे 64 सालच्या आगीनंतर नीरोने एवढा हट्टाने बांधलेला महाल पन्नास वर्षंसुद्धा उजेडात राहिला नाही. आता आत गेलं की लांबच लांब विटांची दालनं, ओल, गारवा, आणि पिवळे दिवे. भिंतीकडे बघत चाललात तर बाईंचं बरोबर ठरेल.

पण तुम्ही छताकडे बघा. बघायचं आहे ते सगळं वर आहे. कमानदार छतांवर बारीक रेघांच्या चौकटी, चौकटीत वेलबुट्टी, वेलीच्या टोकाला पानातून निघालेली बाई, तिच्या हातात दिवा, दिव्यावर पक्षी, बाजूला स्फिंक्स, आणि हे सगळं इतक्या हलक्या हाताने काढलंय की वजनच वाटत नाही. 2019 मधे तिथे आणखी एक खोली सापडली, अजून बरीचशी मातीने भरलेली, तिच्या छतावर स्फिंक्स आहे म्हणून तिला स्फिंक्सची खोलीच म्हणतात.

हे छत आज तुमच्या डोक्यावर सुमारे दहा मीटरवर आहे, पण 1480 च्या आसपास जेव्हा लोक पहिल्यांदा आत उतरले तेव्हा खोल्या मातीने जवळजवळ छतापर्यंत भरलेल्या होत्या. वरून भोक पाडायचं, दोराने खाली उतरायचं, आणि मातीच्या ढिगावर पोटावर सरपटत, मशालीच्या उजेडात, छत नाकासमोर ठेवून चित्रं उतरवून घ्यायची. त्या काळातल्या एका निनावी चित्रकाराने कविता लिहून ठेवली आहे, त्यात पाव, हॅम, सफरचंदं आणि वाईन बरोबर घेऊन आत शिरणारे चित्रकार आहेत आणि त्यांच्या सोबतीला बेडूक, घुबडं, वटवाघळं. जाणाऱ्यांपैकी काहींनी छतावर आपली नावं कोरून ठेवली, ती अजून दिसतात. आणि मजा म्हणजे त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं की आपण नीरोच्या घरात आहोत, त्यांच्या हिशोबाने तो सम्राट टायटसचा महाल होता.

माझं स्पष्ट मत असं की दोन्ही बघा, पण जमलं तर महाल आधी आणि व्हॅटिकन नंतर. उलटं केलं तर व्हॅटिकनमधे खांबांवर, कमानींवर जी बारीक नक्षी आहे तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही, सगळे मोठी चित्रं शोधत पुढे धावतात. महाल बघून आलात तर तीच नक्षी तुम्हाला हाका मारेल. टूरवाल्यांनी व्हॅटिकन आधी ठेवलं असेल तरी हरकत नाही, महाल झाल्यावर त्याच दिवशी पँथिऑनच्या मागच्या सांता मारिया सोप्रा मिनेर्वा चर्चमधे जा. तिथे उजव्या बाजूला काराफा कपेल आहे, फिलिप्पिनो लिप्पीने 1488 ते 1493 मधे रंगवलेलं, आणि त्याच्या रंगवलेल्या खांबांवर त्याने त्या भुयारात बघितलेलं सगळं आणून ठेवलंय. जमिनीखाली बघितलेली गोष्ट लगेच चर्चमधे उभी दिसते.

प्रॅक्टिकल गोष्टी : कलोसियोच्या मेट्रो स्टेशनवरून चालत वर कोल्ले ओप्पिओच्या बागेत यायचं, एंट्री तिथून. आधी ऑनलाइन बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका, गाइडबरोबरच सोडतात, आणि उघडं असण्याचे वार बदलत असतात तेव्हा तिकीट काढताना बघून घ्या. ऑक्टोबरात बाहेर ऊन असलं तरी आत थंडी आणि ओल भरपूर, बाईंसाठी शाल आणि तुमच्यासाठी स्वेटर बॅगेत हवाच. ज्या टूरमधे डोळ्यांवर लावायचा व्हीआर सेट देतात ती मिळाली तर तीच घ्या, कारण सोनेरी छताच्या खोलीत बसून तो महाल मुळात कसा होता, बागा, ऊन, तळं, ते बघितलं की मग सेट काढल्यावर त्या काळवंडलेल्या छतातलं बरंच जास्त दिसायला लागतं.

म्हापशाहून आर्टची विद्यार्थिनी : लेखात लिहिलं होतं की रफाएलच्या टीमने रोमन स्टको, म्हणजे चुन्यातलं उठावाचं काम, परत शोधून काढला. म्हणजे नक्की काय केलं? आणि रफाएलने स्वतः काढलं की दुसऱ्यांनी?

छान विचारलंस. रफाएलचं नाव मोठं असल्यामुळे सगळं त्याच्या खात्यावर जमा होतं, पण या कामात खरा माणूस जोव्हान्नी दा उदिने. तो रफाएलकडे कामाला होता, पक्षी-प्राणी-फळं-फुलं काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. व्हासारीने त्या काळच्या चित्रकारांची चरित्रं लिहिली आहेत, त्यात येतं की रफाएल आणि जोव्हान्नी दोघं ती खोदलेली दालनं बघायला गेले आणि रंग इतके ताजे कसे राहिले याचंच त्यांना नवल वाटलं. मातीने उजेड आणि हवा दोन्ही अडवली होती, त्यामुळे.

चित्रं उतरवून घेणं इतरांनीही केलं होतं. जोव्हान्नीला हवे होते ते चित्रांच्या मधले पांढरे उठावाचे आकार, चुन्यातले, हाताच्या बोटाएवढे, अगदी कडक आणि गुळगुळीत. तसा चुना त्याच्या काळात कोणाला जमत नव्हता. त्याने वेगवेगळे गिलावे करून बघितले, पण पांढरेपणा यायचा नाही आणि पोत जाडाभरडा राहायचा. शेवटी मिळेल तितका पांढरा संगमरवर कुटून, वस्त्रगाळ करून, त्याची पूड पांढऱ्या त्राव्हेर्तिनो दगडाच्या चुन्यात मिसळली, आणि जमलं. मग हे काम कार्डिनल बिब्बिएनाच्या छोट्याशा स्नानघरात 1516 मधे दिसतं आणि त्यानंतर व्हॅटिकनच्या लॉजियात, तेरा कमानींच्या त्या लांब सज्जात, 1519 पर्यंत. लॉजियाच्या छतावर बायबलमधले 52 प्रसंग आहेत आणि खांबांवर जोव्हान्नीची ही सगळी दुनिया, खारी, मासे, उंदीर, वेली. तिथल्या स्टकोमधेच एका छोट्या चौकटीत रफाएलच्या वर्कशॉपमधली माणसं काम करताना दाखवली आहेत. मला ती चौकट सगळ्यात जास्त आवडते कारण असली कामं करणाऱ्यांची आठवण सहसा कोणी ठेवत नाही.

लॉजिया एरवी पब्लिकला उघडा नसतो हे आधीच सांगते, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होईल. त्याऐवजी ट्रास्तेवेरेमधल्या व्हिला फार्नेसिनात जोव्हान्नीने 1517-18 मधे छतावर रंगवलेल्या फळाफुलांच्या माळा बघ. त्यात मक्याची कणसं आहेत, भोपळे आहेत, अमेरिका सापडून पंचवीसच वर्षं झाली होती आणि पठ्ठ्याने ती नवी फळं-भाज्या लगेच छतावर चढवली. आपल्याकडचे काजू, मिरच्या, पेरू ज्या दर्यावर्दी वाटेने आले त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाची ही गोष्ट.

तू गोव्याची आहेस म्हणून एक सांगते. जोव्हान्नीचं काम समजून घ्यायचं तर आधी आपली कावी कला नीट बघ. पेडण्याकडच्या जुन्या देवळांमधे अजून थोडी शिल्लक आहे. पांढऱ्या चुन्याच्या थरावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. चुना सुकायच्या आत हात आवरायला लागतो, चुकलं तर तेवढा तुकडा काढून परत. रोमन चित्रकाराचं, जोव्हान्नीचं आणि कावीवाल्याचं घड्याळ एकच, ओल्या चुन्याचं. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो आणि रंग त्यात अडकतो, म्हणून टिकतो. कॉलेजमधे एक छोटी फळी घेऊन त्यावर चुना लावून करून बघ, पुस्तकातून हे हाताला कळत नाही.

आणि मूळ नीरोच्या चित्रकाराबद्दल, रोमन लेखक प्लिनीने त्याचं नाव फामुलुस असं दिलंय. हा माणूस दिवसातून थोडेच तास काम करायचा आणि परांचीवर चढला तरी अंगावर टोगा, म्हणजे पूर्ण दरबारी पोशाख. प्लिनी म्हणतो की तो महाल त्याच्या कलेचा तुरुंगच झाला, कारण दुसरीकडे कुठे त्याचं फारसं काम उरलं नाही. ज्या माणसाचं काम एका राजाच्या घरात अडकून पडलं, त्याचं काम चौदाशे वर्षांनी अख्ख्या युरोपभर गेलं, आणि त्याचं नाव मात्र आजही फार कोणाला माहीत नाही. हे मला मनापासून लागतं.

मडगावहून एक वाचक : रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता हे खरं का?

नाही. फिडल, व्हायोलिन हे वाद्यच तेव्हा नव्हतं, ते दीड हजार वर्षांनी आलं. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की आग लागली तेव्हा नीरो रोममधे नव्हताच, आन्तियुमला होता, आणि परत येऊन त्याने बेघर लोकांसाठी आपल्या बागा उघडल्या. आग बघत तो गात होता ही अफवा त्या काळातच होती. लोकांचा राग खरा होता तो दुसऱ्या गोष्टीवर, जळालेल्या शहरातली एवढी मोठी जागा घेऊन त्याने स्वतःसाठी बागा, कुरणं आणि तळं केलं. 68 मधे तो मेल्यावर पुढच्या सम्राटांनी ते तळं बुजवून त्यावर कलोसियम उभं केलं, लोकांची जागा लोकांना परत, असा त्याचा अर्थ होता.

वास्कोहून एक वाचक : फोटो बघितले. अर्धी बाई अर्धं पान, माणसाचं तोंड आणि खाली माशाची शेपटी. मला खरं सांगायचं तर विचित्र वाटलं. चर्चमधे असलं कसं चालवून घेतलं?

सगळ्यांनी चालवून घेतलं नाही. अहो, नीरोच्याही आधी, रोमन आर्किटेक्ट विट्रुव्हियस याच्यावर चिडला होता, की खांबाच्या जागी बोरू काढतात, दिव्याच्या दांडीवर देऊळ उभं करतात, असलं जगात कधी असतं का. पुढे 1582 मधे बोलोन्याच्या कार्डिनल पालेओत्तीने लिहिलं की ही नक्षी खोटी आहे आणि देवाच्या घरात तिला जागा नको. म्हणजे तुम्ही एकटे नाही.

तरी मी तुमच्याशी सहमत नाही. देवळात दारावरचं कीर्तिमुख बघतो, मकर बघतो, अर्धा हत्ती अर्धा सिंह असलेला प्राणी बघतो, त्यात आपल्याला काही खटकत नाही कारण लहानपणापासून डोळ्यांना सवय आहे. आपल्याच गोव्यातल्या काही जुन्या चर्चमधे पुलपिटच्या खाली लाकडात कोरलेल्या शेपटीवाल्या नागिणी आणि जलकन्या पुलपिट पेलून उभ्या आहेत. कोरणारे कारागीर इथलेच, आणि त्यांना त्या नक्षीत आपली ओळखीची मंडळी दिसली असणार असं मला वाटतं. भिंतीच्या कडेला, जिथे गंभीर गोष्ट संपते, तिथे चित्रकाराला थोडं मोकळं सोडलेलं आहे. मधे प्रवचन चालू असतं आणि कडेला खार अक्रोड खात असते. मला तर त्यामुळे ती चर्चं जास्त माणसांची वाटतात.

डिचोलीहून एक आई : मुलगा शिपवर आहे, तारवटी. त्याची क्रूझ चिवितावेकियाला लागते आणि कधीकधी दिवसभर सुट्टी मिळते. तेवढ्यात रोमला जाऊन काय बघेल?

ताई, चिवितावेकियाहून रोमला ट्रेनने साधारण तासभर लागतो, पण जहाजाची वेळ चुकवून चालणार नाही म्हणून परतीला भरपूर वेळ हातात ठेवायला सांगा. गाइडची वेळ ठरलेली असते आणि पोर्टला उशीर झाला तर तिकीट फुकट जातं, म्हणून एका दिवसात मी त्याला महाल सांगणार नाही. त्याने सान्त आंजेलोचा किल्ला बघावा. नदीवरच आहे, ओळखायला सोपा, आणि वर पोप पॉल तिसऱ्याच्या खोल्यांमधे पेरिनो देल व्हागाने 1540 च्या दशकात काढलेली हीच नक्षी आहे, तो रफाएलच्याच टीममधे तयार झालेला. गच्चीवरून सगळं रोम दिसतं. तिथून सेंट पीटर चालत, आणि मग सरळ स्टेशन.

जुन्या गोव्याजवळच्या एक वाचक : आमच्या घराजवळ आदिलशाहाच्या महालाचं दार आहे, फक्त दार. टुरिस्ट त्याच्या बाजूने सेंट कॅजेतानला जातात, कोणी थांबत नाही. रोमच्या भग्नावशेषांवर एवढं लिहिता, आमच्या या दारातून कोणाला काही सुचलं का?

तुमचा प्रश्न वाचून मी परत तिथे जाऊन आले. चौथऱ्यावर चढायला पायऱ्या, वर काळ्या दगडाची चौकट, दोन उभे खांब आणि आडवा पाट, बाजूला जाळीचे थोडे अवशेष. खांबांवरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघितलं की देवळाच्या चौकटीची घडण लगेच ओळखता येते. चिऱ्याच्या गावात हा काळा दगड लांबूनच उठून दिसतो. हे दार आदिलशाहाच्या महालाचं, आणि 1510 मधे पोर्तुगीज आल्यानंतर त्याच महालात 1554 ते 1695 पर्यंत त्यांचे व्हाइसरॉय राहिले. मग साथींनी शहर ओस पडत गेलं, व्हाइसरॉय पणजीच्या बाजूला सरकले आणि 1820 मधे महाल पाडला, दगड पणजीच्या बांधकामांना. राहिलं ते एवढंच.

त्यातून कोणाला काय सुचलं? रोमसारखी गोष्ट इथे घडली नाही, हे सरळ सांगते. नीरोचा महाल मातीत पुरला गेला म्हणून छत शाबूत राहिलं आणि चित्रकारांना उतरवून घ्यायला काहीतरी होतं. आपला महाल उघड्यावर पाडला गेला, आणि गोव्याच्या पावसात उघडा पडलेला चुना किती पावसाळे काढणार. शिवाय रोममधे दोराने खाली उतरणारा माणूस होता. इथे त्या काळात वही घेऊन कोणी बसल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

पण दोन्ही गोष्टींना जोडणारा एक धागा पोर्तुगालमधूनच जातो. फ्रान्सिश्कु द ओलांदा हा लिस्बनचा चित्रकार, राजा जुआंव तिसरा याने त्याला इटलीला पाठवलं, 1538 ते 1540 तो रोममधे होता आणि त्याने नीरोच्या सोनेरी छताचं रंगीत चित्र करून ठेवलं. निळे, लाल, सोनेरी चौकोन, मधे देवदेवता. ते चित्र आज स्पेनमधे एस्कोरियालला आहे. छतावरचे मूळ रंग आता इतके उडालेत की ते छत कसं होतं हे समजायला अभ्यासकांना ओलांदाचं पान उघडावं लागतं. आणि ज्या राजाच्या पैशाने हे पान रंगलं त्याच राजाचे व्हाइसरॉय काही वर्षांनी तुमच्या शेजारच्या महालात राहायला गेले. त्याच्याही आधी, 1514 मधे, राजा मानुएलने हिंदुस्थानातून लिस्बनला आणलेला हत्ती पोप लिओ दहाव्याला भेट पाठवला होता. रोमने त्या हत्तीवर जीव लावला, तो मेल्यावर रफाएलने त्याचं स्मारक-चित्र केलं, आणि आपल्या जोव्हान्नीने व्हिला मादामात हत्तीच्या तोंडाचं कारंजं केलं. तेव्हा ही सगळी माणसं, महाल आणि बंदरं एकमेकांपासून फार लांब नव्हती.

जुन्या गोव्यात त्या नक्षीची नातेवाईक बघायची असेल तर सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमधे जा, सें कॅथेड्रलला लागून. आताची इमारत 1661 ची, दार मात्र आधीच्या 1521 च्या चर्चचं ठेवलंय. आत छोट्या कपेलांच्या मधल्या आधारभिंतींवर रंगवलेली फुलं-वेली आहेत, लोक सोनेरी वेदीकडे बघत पुढे जातात आणि या भिंती राहून जातात. सकाळी जा, जवळ उभं राहा आणि एकच वेल खालून वरपर्यंत डोळ्यांनी चढा. कुठे देठ जाडा होतो, कुठे पान वळतं, कुठे रंगवणाऱ्याने घाई केलीय ते दिसतं. फ्लॅश मारू नका.

आणि तुमच्या दाराबद्दल. शेजारी शाळकरी मुलं असतील तर एखाद्या रविवारी त्यांना वही-पेन्सिल देऊन त्या चौथऱ्यासमोर बसवा, हात न लावता, फक्त बघून काढायला सांगा. पाट कुठे फुटलाय, जाळीची भोकं कशी आहेत, कोरीव पट्ट्या किती आहेत. नंतर त्यावर तारीख घालून ठेवा. ओलांदानेही तेवढंच केलं होतं. मुलांनी काढलेली चित्रं आमच्याकडे पाठवलीत तर पुढच्या अंकात जितकी मावतील तितकी छापू, पावसाळ्याच्या आत पाठवा, कारण एकदा पाऊस लागला की चौथऱ्यावर शेवाळ येतं आणि तिथे मुलांना नेणं सुरक्षित नाही.